लॅमिंग्टन रोडवरचं माळ्यावरचं दुकान: ९ दिवस डेड पडलेला फोन चालू करून दिला त्याबद्दल

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगतो. दोघंच जण चालवतात, मी विचारलं लिहू का तर म्हणाले दादा नाव नको, इथे रोजची गर्दीच आमच्याने आवरत नाही. म्हणून पत्ता खुणेने सांगतो, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, चालत लॅमिंग्टन रोडला यायचं, खाली केबल आणि चार्जरचं दुकान आहे त्याच्या आतूनच लोखंडी जिना वर माळ्यावर जातो. माळा इतका बुटका की मला मान वाकवून उभं राहावं लागलं. पण काम असं केलं की मी हे लिहायला बसलोय, कारण या कामासाठी मुंबईत कुठे जायचं हे मला नऊ दिवस कोणी नीट सांगू शकलं नव्हतं.

माझं काम फर्निचरचं, किचन ट्रॉली आणि वॉर्डरोब. साईटवर जायचं, मापं घ्यायची, भिंतीवरच मार्किंग करून फोटो काढायचा, गिऱ्हाईक ॲडव्हान्स यूपीआयने टाकतं, कारखान्याला ड्रॉईंग व्हॉट्सॲपवर जातं. म्हणजे फोन बंद तर धंदा बंद. फोन साडेचार वर्षांचा, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे झालं त्यात तिची काही चूक नाही. कॅमेरा बॅटरी सगळं व्यवस्थित होतं, फक्त अपडेट यायचे थांबले होते आणि हळू झाला होता. चांगला फोन टाकून द्यायचा जीव होत नव्हता म्हणून मी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या ऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकायचं ठरवलं. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना कुठलं सॉफ्टवेअर सुरू करायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, तो अनलॉक करायला मला कंपनीच्या टूलमध्ये १६८ तास थांबावं लागलं, ते थांबलो, अनलॉक करताना सगळा डेटा उडतो हे माहीत होतं म्हणून बॅकअप घेतला, मग लिनिएज ओएस नावाचं कस्टम रॉम टाकलं. आणि खरंच सांगतो फोन नवा झाला. दोन महिने मस्त चालला.

अडचण आली ती बँकेच्या ॲपची. एक दिवस उघडलं तर म्हणे हे डिव्हाइस सुरक्षित नाही. मी रूट, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घेणं, केलेलंच नव्हतं, पण बूटलोडर उघडा असला की गुगलची प्ले इंटेग्रिटी म्हणून जी तपासणी असते त्यात फोन नापास होऊ शकतो आणि बँकेची बरीच ॲप्स तिथेच थांबतात. बँकेचं ॲप नाही तर ॲडव्हान्स कसा घेणार. म्हणून ठरवलं परत कंपनीचं सॉफ्टवेअर टाकू. इथे चूक झाली आणि ती पूर्ण माझी आहे, पण नीट सांगतो कारण हीच चूक करून त्या दुकानात आलेले अजून दोन जण मला त्याच आठवड्यात भेटले.

मी नवीन व्हर्जन न घेता जुनं घेतलं, का तर त्यात बॅटरी जास्त टिकायची असं मला आठवत होतं. फाईल एका टेलिग्राम चॅनलवरून. फ्लॅश करायला, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये भरायला, गेलो तर ते काम करणारी कमांडची फाईल (स्क्रिप्ट) पहिल्याच ओळीत थांबली, म्हणाली अँटी व्हर्जन जुळत नाही. ज्या व्हिडिओवरून मी हे करत होतो त्यात सांगितलेलं की असं आलं तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि सुरुवातीच्या त्या चेकच्या ओळी डिलीट करा. मी डिलीट केल्या. सगळं धडाधड ओके ओके करत फ्लॅश झालं, फोन रिस्टार्ट झाला आणि काळा. लोगो नाही, व्हायब्रेशन नाही, चार्जरला लावला तर लाईट नाही, पॉवर आणि व्हॉल्यूम अर्धा अर्धा मिनिट दाबून धरलं तरी काही नाही. रात्रीचे दीड वाजले होते आणि सकाळी कल्याणला साईट होती.

आता मला माहितीये की त्या ओळी का होत्या. अँटी रोलबॅक म्हणतात त्याला. फोनच्या आत एक नंबर नोंदवलेला असतो, नवीन सॉफ्टवेअर आलं की कधी कधी तो वाढतो, आणि एकदा वाढला की कमी होत नाही. त्यापेक्षा कमी नंबरचं जुनं सॉफ्टवेअर टाकलं की फोन ते सुरूच करत नाही. कारण सुरक्षेचं आहे, चोराने जुनं भोक असलेलं सॉफ्टवेअर टाकून फोन उघडू नये म्हणून. २०१८ मध्ये शाओमीच्या फोनवर हे आलं तेव्हा कितीतरी लोकांचे फोन असेच मेले होते. फास्टबूट म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचा मोड, त्यात एक कमांड देऊन तो नंबर आधी बघता येतो, दहा सेकंदांचं काम. ज्याने त्या ओळी काढायला सांगितल्या त्याचा मला आजही राग येतो कारण बघणाऱ्याला वाटतं ती फालतू अडचण आहे, आणि तीच शेवटची कडी होती दाराला.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, फोन आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर, मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेआठ हजार. मी म्हटलं सॉफ्टवेअरचं आहे हो, बोर्ड चांगला आहे. ती म्हणाली सर आमच्याकडे हाच ऑप्शन आहे. तेवढ्या पैशात सेकंडहँड फोन येतो.

मग क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला, नाव ठिकाण सांगत नाही, एका गाळ्यावर गेलो. त्याने काही विचारलंच नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला हो जाईल हो जाईल, सॉफ्टवेअर मारून देतो, आणि हीट गन लावून मागचं कव्हर उघडायला सुरुवात. दोन तास उभा राहिलो. शेवटी म्हणाला आयसी गेली, साडेचार हजार लागतील, नाहीतर घेऊन जा, आणि उघडल्याचे तीनशे. कव्हर परत नुसतं दाबून दिलं, एका कोपऱ्याला पटाशीने उचकटल्यासारखी खूण. मी लाकडात काम करणारा माणूस, असं उचकटलेलं काम बघवत नाही मला. तीनशे देऊन निघालो.

लॅमिंग्टन रोडचं सुचवलं माझ्या आत्येभावाने. भांडुपहून स्लो लोकल, दादरला पूल चढून वेस्टर्नला, तिथूनही स्लोच धरायची कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. अकरा वाजता पोचलो तर माळ्यावर आधीच सहा जण.

सगळ्यात पहिल्यांदा काय आवडलं सांगू, तिथे एक वही आहे. साधी शाळेची दोनशे पानी. फोन हातात घ्यायच्या आधी तो मुलगा, तिशीचा असेल, कोकणातला वाटला बोलण्यावरून, वहीत लिहितो: मॉडेल, प्रॉब्लेम, आणि तिसरा रकाना, काय काय केलं. माझी पाळी आली तर म्हणाला, "दादा पहिल्यापासून सांगा, काय फ्लॅश केलं, कुठल्या क्रमाने, कुठून आणलं, मग काय दिसलं. लपवू नका, मी ओरडत नाही." मी सगळं सांगितलं, ओळी डिलीट केल्याचंही. त्याने मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, यानंतर फोन कोणी उघडला होता का. मी सांगितलं. मग म्हणाला बिल किंवा बॉक्स आहे का. बॉक्स मी नेला होता, त्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, वहीत उतरवला.

मग त्याने जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. "डेटा येणार नाही. फोन चालू होईल असं वाटतंय, पण आतलं काही परत मिळेल अशी आशा धरू नका. चालत असेल तर पुढे जाऊ." मी विचारलं का नाही येणार. हातातलं काम न थांबवता समजावलं की आताच्या फोनमध्ये सगळ्या फाईली कुलूपबंद साठवलेल्या असतात, किल्ली प्रोसेसरच्या आत आणि तुमच्या पिनला बांधलेली, चिप काढून दुसरीकडे लावली तरी नुसता कचरा दिसतो. कोणी म्हणाला डेड फोनमधून डेटा काढून देतो तर आधी विचारा कसा काढणार. दोन साईटची मापं त्यात गेली माझी, कारण बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा. कल्याणला परत जाऊन भिंती मोजाव्या लागल्या. पण आधीच कळलं हे महत्त्वाचं, पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा.

भाव सांगितला, चालू झाला तर बाराशे, नाही झाला तर काही नाही. बाराशे का तेही सांगितलं. फोन कॉम्प्युटरला लावला, स्क्रीन काळीच, पण त्याच्या मॉनिटरवर एक ओळ आली, क्वालकॉम क्यूडीलोडर ९००८. ती ओळ माझ्याकडे वळवून म्हणाला हे बघा, प्रोसेसर जिवंत आहे. प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो पुसता येत नाही, बाकी काही सापडलं नाही की तो या मोडमध्ये येऊन बसतो आणि यूएसबीवर वाट बघतो. ईडीएल म्हणतात. म्हणजे आयसी बियसी काही गेलेली नव्हती. अडचण एवढीच की या मोडमध्ये फोनशी बोलायला एक फाईल लागते, ती कंपनीने सही केलेली असावी लागते, आणि माझ्या मॉडेलला त्यावर परत अधिकृत अकाउंटचं लॉगिन लागतं. त्या लॉगिनचं क्रेडिट दर फोनमागे विकत घ्यावं लागतं. बाराशेमधला बराच भाग त्यातच जातो म्हणाला.

आणि कव्हर उघडायची गरजच नव्हती. ज्या फोनला स्वतःहून हा मोड मिळत नाही त्यांना उघडून बोर्डवरचे दोन पॉइंट चिमट्याने जोडावे लागतात, टेस्ट पॉइंट म्हणतात, माझा तर आधीच त्या मोडमध्ये होता. उलट आधीच्या माणसाने बॅटरीचा कनेक्टर अर्धवट बसवला होता त्यामुळे फोन मधेच दिसायचा मधेच गायब. तो नीट बसवला, बॅटरी पार उतरली होती ती पॉवर सप्लायवर थोडी भरली.

आता जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटलं. फ्लॅश मारायच्या आधी त्याने फोनमधून चार छोटे पार्टिशन, म्हणजे स्टोरेजचे वेगळे कप्पे, वाचून कॉम्प्युटरवर सेव्ह केले. मी विचारलं हे काय, तर म्हणाला यात तुमचा आयएमईआय, नेटवर्कचं ट्यूनिंग आणि सेन्सरची सेटिंग असतात, ही गेली तर फोन चालू होईल पण सिम पकडणार नाही. घाईत सगळं पुसून टाकणारे इथेच गोंधळ करतात आणि मग आयएमईआय लिहून देतो म्हणून वर पैसे घेतात. त्याच्याकडे आयएमईआय बदलायचं काम करत नाहीत, भिंतीवर कागद चिकटवलाय. बरोबरच आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

मग माझ्याच फोनचं, भारताचंच, सगळ्यात नवीन अधिकृत सॉफ्टवेअर. सात आठ मिनिटं पट्टी सरकत होती. मग केबल काढली, पॉवर दाबलं. काळं. मी त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला सोडू नका, दाबून धरा. आणि लोगो आला. नऊ दिवसांनी तो लोगो बघितला, खोटं नाही बोलत, डोळ्यात पाणी आलं. पहिल्यांदा चालू व्हायला दहा मिनिटं घेतली, लोगोवरच होता, तेवढ्या वेळात मी देवाचं नाव घेत होतो.

चालू झाल्यावर फोनने जुना गुगल अकाउंट मागितला. हे एफआरपी लॉक, २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून आलं, फोन जबरदस्तीने रिसेट केला की आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतो. इथे त्याने फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः दुसरीकडे वळला, म्हणाला पासवर्ड तुम्ही टाका, मला सांगू नका. ही साधी गोष्ट आहे पण किती दुकानांत असं करतात? सर्रास पिन कागदावर लिहून फोनला चिकटवतात.

थांबलो तेवढ्यात बाकीच्यांची कामंही बघितली. एका कॉलेजच्या मुलीचा फोन मॅजिस्कचं (रूट करायचं ॲप) कुठलं तरी मॉड्यूल टाकल्यावर लोगोवरच फिरत होता, रडवेली झाली होती कारण प्रोजेक्ट आत होतं. तिला म्हणाला ताई तुझा डेटा जाणार नाही, काही रिसेट करू नकोस, आणि फक्त बूट नावाचं एक पार्टिशन त्याच व्हर्जनच्या मूळ फाईलने बदललं. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या ए आणि बी अशा दोन प्रती म्हणजे स्लॉट असतात, चालू कुठला आहे ते बघून त्यातच टाकलं. पाच मिनिटांत फोन उघडला, सगळं जागच्या जागी. तिच्याकडून दोनशे घेतले. तिने आधी घाबरून फॅक्टरी रिसेट मारलं असतं तर सगळं गेलं असतं. असं मॉड्यूलमुळे अडकलं तर आधी सेफ मोडमध्ये चालू करून बघ, मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं, असंही तिला सांगितलं, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात यायलाच नको. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारा सल्ला होता तो, पण दिला.

एक मुलगा होता त्याच्या स्क्रीनवर सिस्टिम डिस्ट्रॉइड झाल्याचा मेसेज. त्यानेही बँकेच्या ॲपसाठीच बूटलोडर परत लॉक केला होता, पण आत कस्टम रॉम तसाच ठेवून. लॉक असलेला बूटलोडर कंपनीच्या सहीशिवाय काही चालू करत नाही. त्याचंही ईडीएलचंच काम निघालं. सॅमसंगवाला एक होता, त्याचा फोन डाउनलोड मोडमधून ओडिनने (सॅमसंगच्या फोनमध्ये सॉफ्टवेअर भरायचं टूल) परत उभा केला पण स्पष्ट सांगितलं की अनऑफिशियल सॉफ्टवेअर टाकलं तेव्हाच नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, आतला फ्यूज उडाला, तो परत येत नाही, खासगी फाईली लॉक करून ठेवायचं सिक्युअर फोल्डर विसरा.

आणि एकाला परत पाठवला. एफआरपी लॉक असलेला महागातला फोन, बिल नाही, बॉक्स नाही, म्हणे मित्राने दिला. याने आवाज न चढवता सांगितलं की मित्राला घेऊन या, तो पासवर्ड टाकेल, फुकट करून देतो. तो दुप्पट पैसे द्यायला तयार होता. नाही म्हणजे नाही. नंतर मला म्हणाला, सेकंडहँड घेताना केवायएम आणि पुढे आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस करून बघत जा, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं.

माझा फोन द्यायच्या आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय बॉक्सशी पंधराच्या पंधरा आकडे जुळवले, दोन्ही सिम टाकून कॉल लावला, फिंगरप्रिंट, कॅमेरा, कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का, चार्जिंग, सगळं माझ्यासमोर. मागचं कव्हर नवीन गम लावून क्लिप मारून अर्धा तास ठेवलं, त्याचे वेगळे घेतले नाहीत. फक्त सांगितलं की आता पूर्वीसारखं पाण्यापासून सुरक्षित समजू नका.

कमी पडलेल्या गोष्टीही लिहितो. बसायला जागा नाही, एकच स्टूल, वयस्कर माणसाने तो जिना चढू नये. माळ्यावर उकडतं भयंकर. दुकानाचा फोन उचलत नाहीत, त्यामुळे विचारून जायचं म्हटलं तर जमत नाही. मला दुपारी तीनपर्यंत होईल म्हणाले, हातात फोन पडला सव्वासहाला. बिल मागितल्यावर दिलं, स्वतःहून नाही. आणि यूपीआय चालतं, पण आपला फोनच बंद असतो तेव्हा त्याचा काय उपयोग, मी खाली उतरून एटीएम शोधत फिरलो, कॅश घेऊनच जा. पाचपैकी साडेचार देतो, तो अर्धा त्या थांबण्याचा कापलाय. कामाचे पाचपैकी पाच.

आज बारा दिवस झाले, फोन व्यवस्थित चालतोय, बँकेचं ॲप उघडतं, कल्याणच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्सही त्यावरच आला. बूटलोडर बंद आहे आणि कामाच्या फोनचा मी बंदच ठेवणार. घरी एक जुना पडलाय, लिनिएज त्यावर टाकेन, यावेळी तो अँटीचा नंबर बघून.

रविवारी बंद असतं. सकाळी साडेदहा अकराला पोचलात तर त्याच दिवशी होतं, दुपारी दीड ते अडीच जेवायला शटर अर्धं ओढतात. बॉक्स किंवा बिल न्या, गुगलचा पासवर्ड आठवून जा, आणि जी फाईल फ्लॅश केली तिचं पूर्ण नाव फोटो काढून किंवा कागदावर लिहून न्या, तो पहिल्यांदा तेच विचारतो.